नोईची हाक

आमच्या घरात पाऊल टाकण्याआधी नोई दाराबाहेर थांबून रिकाम्या पॅसेजशी दोन वाक्यं बोलायची. तिच्या गावात पाहुणा आल्याचं घरच्या पितरांना आधी कळवावं लागतं. मला ते विचित्र वाटायचं.

आई कुवेतमध्ये, जाब्रिया भागात एका हॉस्पिटलात नर्स होती, नोई तिच्या वॉर्डात सफाईला. नव्वदच्या ऑगस्टात इराकी सैन्य शिरलं, नोईचं हॉस्टेल रिकामं झालं, आणि आईने तिला आमच्याकडे आणलं. बाबा तेव्हा रजेवर नाशिकला होते. ती थायलंडच्या डोंगरातली, पण कुणी तिला थाई म्हटलं की नकारार्थी मान हलवायची आणि वॉर्डात शिकलेल्या हिंदीत सांगायची, "थाई नहीं, लावा. पहाड़ का पुराना लोग." ती पाइप ओढायची.

"अगं, बाई असून पाइप?" आई म्हणायची.

"सिस्टर, हमारे उधर बाई नहीं पीता, तो सब पूछता, बीमार है क्या."

सप्टेंबरात ड्यूटीवरून येताना आईला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चौकीवर, शिपायांनी थांबवलं आणि छातीवर बंदूक टेकवली. घरी येऊन ती पलंगावर पडली ती उठेचना. जेवण नाही, बोलणं नाही. अम्मानच्या वाटेने भारतीयांना मायदेशी नेणारी एक बस आमच्याविना गेली. दुसरी दोन दिवसांनी होती. त्यानंतरचं कुणालाच माहीत नव्हतं.

"सिस्टर इधर नहीं है," नोई म्हणाली. "डर गया, उधर ही रह गया. लाना पड़ेगा."

लावा लोकांत घाबरलेल्याचा जीव जिथे राहिला, तिथे जाऊन त्याला हाक मारतात. उकडलेलं अंडं आणि थोडा भात घेऊन ती निघाली. गॅलरीतून मी पाहिलं, ती चौकीसमोर उभी राहून आईला हाका मारत होती. एक शिपाई तिच्याकडे चालत आला.

"आई, नोई चौकीवर गेलीय. तुझ्यासाठी."

आई भिंत धरत गॅलरीत आली. "वेडी आहे का ही? नोई! आधी वर ये!" तिला इतकं ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

नोईने वर येऊन, परतलेला जीव पुन्हा निसटू नये म्हणून आईच्या मनगटाला सुती दोरा बांधला. "आ गया. गुस्सा भी साथ लाया."

"आणि अंडं?" मी विचारलं.

"सिपाही खाया. वो भी भूखा."

दुसऱ्या बसने आम्ही निघालो तेव्हा नोईच्या देशाच्या लोकांना नेणाऱ्या बसचा पत्ता नव्हता. आई तिचा हात सोडेना. "तुझा जीव इथे राहिला तर कोण बोलावणार?"

"माँ बुलाएगा. लेकिन बूढ़ा है, आवाज़ छोटा."

पुढे नोईची काहीच खबर आली नाही. एक्क्याण्णवमध्ये कुवेत मोकळं झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी नाशिकच्या गच्चीवर उभी राहून आईने तिला हाका मारल्या. शेजारी खिडक्यांत आले. आईचा आवाज बसला, तेव्हा पुढची हाक मी मारली.