अनवाणी पंच

शिट्टीचाचा सामन्याआधी बूट काढत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, विजारीला कडक इस्त्री, गळ्यात शिट्टी आणि पाय अनवाणी, अशा वेषात ते एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत सारे मैदान चालून काढत. पायात सराटा रुतला की थांबत, उपटून खिशात टाकत आणि पुढे जात. त्या खिशात हात घालण्याचे धाडस चाचींनीही कधी केले नसावे.

“बुटाले काय समजते, सर?” ते म्हणत. “पोरगी पडते तं हातावर पडते. तिच्या हाताले जे टोचीन, ते माह्या पायाले आधी टोचू द्या.”

देऊळघाटच्या शाळेत ते कवायतीचे शिक्षक होते, मी मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर मी बागेकडे वळलो, ते लॅक्रोसकडे. जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा, पळवायचा आणि गोलात मारायचा, असा हा खेळ. कुठल्याशा शिबिरात ते तो शिकून आले आणि आमच्या भागातले पहिले पंच झाले. घड्याळ सांभाळायला त्यांनी मला बसवले. “तुमच्यावाणी कडू माणूस दुसरा कुठं भेटन?” ते म्हणाले. ही स्तुती आहे, असे मी गृहीत धरले.

मैदान झाले की काठ्यांची तपासणी. प्रत्येक काठी आडवी धरून ते जाळीत चेंडू ठेवत आणि एक डोळा मिटून पाहत. जाळी सैल असेल तर चेंडू कडेखाली बुडतो. मग तो हिसकावता येत नाही आणि खेळ अन्यायाचा होतो. एकदा त्यांच्या सख्ख्या नातीचीच जाळी सैल निघाली. तिने डोळ्यांत पाणी आणले. “रड, बेटा,” चाचा म्हणाले. “रडता रडता दोरी ताण.”

तपासणीनंतर कडे. दोन्ही संघ गोल उभे राहत, काठ्या जमिनीवर ठेवत. चाचा सांगत, “हा खेळ आपला नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा आहे. गोरे तिथं पोचले त्याच्या किती आधीपासून ते खेळून राह्यले. आजारी माणसाले आराम पडावा म्हणून खेळत, आजही खेळतात. आपण पाहुणे.” मग प्रत्येकीने जमिनीला हात लावायचा आणि ओळखीच्या एका आजारी माणसाचे नाव मनात घ्यायचे. ते कुणाला सांगायचे नाही.

ही रीत एका फजितीतून आली. सोनाळ्याच्या पहिल्या सामन्यात गावकऱ्यांनी हौसेने काठ्यांना हळद-कुंकू लावले, नारळ फोडून त्याचे पाणी जाळ्यांवर शिंपडले. चाचा कौतुकाने पाहत राहिले. चेंडू जाळीतून सुटेना आणि खेळ संपेपर्यंत सगळ्याच पोरी पिवळ्या झाल्या. परतीच्या एसटीत चाचा हसून हसून थकले आणि मग गंभीर झाले. “चूक माही. आपण कोणाच्या घरी जेवाले गेलो, तं त्याहिचं देवघर आपण मांडत नाही. त्याहिचं नाव घ्यावं, अन् गप उभं राहावं.”

सुमराय ही सोनाळ्याच्या संघाची कर्णधार, सातपुड्याच्या पायथ्याची कोरकू मुलगी. पहिल्यांदा कड्यात उभी राहिली तेव्हा तिने विचारले, “चाचाजी, ते लोक अजून हायेत का?”

“हाव. हायेत. खेळूनही राह्यले.”

“मंग बरं,” ती म्हणाली आणि जमिनीला हात लावला.

मला त्या कड्याचा वेळ खटकत असे. “सर, तुम्हीबी या,” चाचा दर वेळी म्हणत. “माझ्याकडे घड्याळ आहे,” मी दर वेळी सांगत असे.

पंच म्हणून चाचांचा शेवटचा सामना सोनाळ्यालाच झाला. त्यातून राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडल्या जायच्या होत्या. प्रमुख पाहुणे उशिरा आले. आयोजक धावत आले. “चाचा, साहेबांना पुढे रोहिणखेडला जायचंय. ते कडंबिडं राहू द्या. साहेब उठले तर निवडणारेही त्यांच्याच गाडीत जातील.” मुलींची संधी जाईल, या धास्तीने चाचा बुटांसकट मैदानात गेले. त्यांनी शिट्टी ओठांना लावली आणि फुंकली.

एकही मुलगी हलली नाही. दोन्ही संघांनी काठ्या खाली ठेवल्या होत्या. सुमराय चाचांच्या पायांकडे पाहत होती.

“चाचाजी, आज बूट काऊन?”

“टाइम नाही, बेटा. तुमची निवड हाये.”

“त्या पाहुण्यांसाठी काऊन एवढी घाई?” ती म्हणाली. “या खेळात आपणबी पाहुणेच ना?”

चाचा मैदानाच्या मधोमध बसले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. दुसरा बूट सुमरायने सोडला. मी घड्याळ टेबलावर उपडे ठेवले. आयोजकांनी मंडपाकडे पाहिले. पाहुण्यांनी दुसरा चहा मागवला होता. कडे झाले, सामना झाला, निवडही झाली. सुमरायचे नाव पहिले होते.

आता शिट्टी तिच्या गळ्यात असते. ती अनवाणी मैदान चालते आणि चाचा माझ्या शेजारी बसून ओरडतात, “तिकडं राह्यला, बेटा, एक सराटा.” ती वळूनही पाहत नाही. ते खूश होतात.

परवाच्या सामन्याला शेजारची खुर्ची रिकामी होती. चाचांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. कडे झाले, तेव्हा सुमरायने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळ उपडे ठेवले, बूट काढले आणि कड्यात जाऊन उभा राहिलो. वाकून जमिनीला हात लावला. एक सराटा टोचला. तो मी खिशात टाकला.

नाव कुणाचे घेतले, ते सांगायचे नसते.