दिग्दर्शकाने उघडलेली विहीर

पडद्यावर अस्पृश्याच्या ओंजळीत पाणी पडलं की तुम्ही टाळ्या वाजवता. ती ओंजळ कुणाची होती, हे कधी विचारलंत का?

मीही विचारलं नसतं. मी त्या दिग्दर्शकांचा भक्त होतो. घरात देव्हाऱ्यापाशी पोथ्या असत आणि माझ्या उशाशी पत्रकं: खादीची, संपाची, समतेची. पत्रकांत लिहिलेलं हा माणूस पडद्यावर दाखवतो, एवढ्यावर मी खूष होतो. त्यांचं चरित्र मला पाठ होतं. तरुणपणी त्यांनी नाटक कंपनीत पडदे रंगवले. राजवाडा पुसून अरण्य, अरण्य पुसून पुन्हा राजवाडा. कंपनी बुडाली तेव्हा ते मूकपटांत शिरले आणि तारेला बांधून देव उडवू लागले. बोलपट आले आणि देवांना गाता येत नाही असं आढळलं. मग त्यांनी देव सोडले आणि समाज हाती घेतला. विधवा झाली, हुंडा झाला, दारू झाली. ज्या दुःखाला त्यांनी हात लावला, त्याचं छान गाणं झालं. आता अस्पृश्यता तेवढी राहिली होती.

दुसरं महायुद्ध संपल्यावर नगरला त्यांचं व्याख्यान झालं. "माझा पुढचा बोलपट पाहून गावोगावच्या विहिरी उघडतील," ते म्हणाले. टाळ्या थांबल्यावर मागच्या बाजूला माझा मित्र उभा राहिला. शाळेत आम्ही एका वर्गात होतो, म्हणजे मी वर्गात होतो आणि तो दाराबाहेर. पुढे तो पलटणीत गेला, लढाईवर जाऊन आला. त्याची आई मात्र अजून ओढ्यातला झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होती. गावविहीर महारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

"साहेब, गावोगावचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आमच्या गावात चित्र घ्या. तुमचं काम झालं की त्याच विहिरीवर माझ्या आईला एक घागर भरू द्या. बाकी काय न्हाई."

दिग्दर्शकांचे डोळे भरून आले. ते लवकर भरत. "दिला शब्द!" ते म्हणाले. त्यावर पुन्हा टाळ्या झाल्या. माझ्या सगळ्यांत मोठ्या होत्या.

गाव तिसगावच्या पलीकडचं. मित्राचं ते गाव आणि माझं आजोळ. माझे मामा तिथले भटजी. चित्र घ्यायला पाटलांची हरकत नव्हती, उलट त्यांना स्वतःलाच पडद्यावर यायची हौस होती. अट एकच: रहाटाला हात लावील तो उच्च जातीचा असला पाहिजे. दिग्दर्शकांनी ही अट तत्त्वासाठी मान्य केली. कुठल्या तत्त्वासाठी, ते कुणी विचारलं नाही.

नायक पुण्याचा ब्राह्मण होता. पारावर बसलेल्या मंडळींसमोर त्यानं सदरा वर करून जानवं दाखवलं. मामांनी गोत्र विचारलं. गोत्र चांगलं निघालं. मग तोंडाला काजळ फासून त्याला अस्पृश्य करण्यात आलं आणि जानवं फाटक्या बंडीखाली खोचलं गेलं.

तेवढ्यात महारवाड्यातली माणसं आली. चित्र निघणार म्हणून सगळी नेसूनसवरून आली होती. मित्र इस्त्रीच्या खाकी कपड्यांत होता. त्याच्या आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि चिंचेनं घासलेली पितळी घागर कडेवर घेतली होती.

दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. "छे, छे! हे वाटत नाहीत हो."

"काय वाटत न्हाई?" मित्रानं विचारलं.

"हरिजन वाटत नाहीत! कपडे पाहा यांचे. प्रेक्षकाला करुणा कशी येणार?"

"आरं, मंग जुनेर नेसून यिऊ का?" म्हातारी मुलाला म्हणाली. "त्यांचं काम कशापायी आडवायचं?"

"आये, तू गप ऱ्हा."

त्यांना कॅमेऱ्यासमोरून उठवून बाभळीखाली बसवलं. त्यांच्या जागी पाटलांचे भाऊबंद अंगाला राख फासून उभे राहिले. अस्पृश्याला हाकलणाऱ्याची भूमिका खुद्द पाटलांना मिळाली. ते काठी घेऊन धावून आले तेव्हा दिग्दर्शक भारावले. "काय सहज अभिनय आहे! शिकवावंच लागलं नाही."

अडचण नायकाची झाली. त्याला रहाट ओढता येईना. दोर हातातून सुटे, बादली धाडकन खाली जाई, आणि चेहऱ्यावरची करुणा पुन्हा पहिल्यापासून आणावी लागे.

"आरं, शिकवा की त्याला कुनी!" बाभळीखालून एक म्हातारा ओरडला.

"कोन शिकवंल?" मित्राची आई म्हणाली. "आपुन तरी कवा वढलाय?" आणि ती सगळी माणसं खदखदून हसली. दिग्दर्शकांनी चिडून शांतता मागितली.

शेवटी बादली वर आली. नायक ओंजळीनं पाणी प्यायला, आभाळाकडे पाहून रडला, आणि गावातल्या बायकाही खरोखर रडल्या. दिग्दर्शकांनी नायकाला मिठी मारली.

तेव्हा म्हातारी बाभळीखालून उठली आणि घागर घेऊन विहिरीकडे निघाली. मित्र बरोबर होता. मीही गेलो. पाटील काठी घेऊन आडवे आले. तीच काठी, तोच चेहरा, फक्त कॅमेरा बंद होता.

"साहेब, तुमचा शब्द," मित्र म्हणाला.

दिग्दर्शकांनी आधी पाटलांकडे पाहिलं, मग सूर्याकडे. "अरेरे, उजेड गेला! आता घेतलं तरी पडद्यावर काही दिसायचं नाही."

"पडद्यावर न्हाई साहेब. घागरीत घ्यायचंय."

दिग्दर्शकांचे डोळे पुन्हा भरून आले. "मी कलावंत आहे रे बाबा," असं म्हणून ते मोटारीत बसले. म्हातारी रिकामी घागर घेऊन ओढ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा विहिरीत गोमूत्र शिंपडून मंत्र म्हणताना दिसले.

"मामा, अहो, तो तर ब्राह्मण होता!"

"मला सांगतोस? जानवं मीच पाहिलं."

"मग शुद्धी कशाची?"

"तुझं डोकं पत्रकांनी बिघडलंय," मामा म्हणाले. "सगळ्या गावानं त्याला महार होऊन पाणी पिताना पाहिलं. बायका पाणी भरेनात. आम्ही काय करणार?"

दिग्दर्शकांच्या कलेचा याहून मोठा गौरव कुणी केला नसेल. काजळाच्या एका बोटानं त्यांनी अख्खी विहीर बाटवून दाखवली.

आता तो बोलपट नगरला लागला आहे. थिएटर भरून वाहतं. सत्कार झाला, हार पडले. भिंतीवर जाहिरात आहे: 'ज्या बोलपटाने खरोखरची विहीर उघडली!' मित्रानं ती दोनदा वाचली.

"उघडली म्हनं," तो म्हणाला. "छापलंय न्हवं? मंग भरू की."

येत्या पौर्णिमेला सकाळी त्याची आई घागर घेऊन विहिरीवर जाणार आहे. पाटील असतील, काठी असेल, आणि भाऊबंद या खेपेला राख न फासता येतील. आम्ही तिघंच असलो तर काय होईल, ते म्हातारीला ठाऊक आहे. तरी ती जाणार आहे.

तुम्ही तो बोलपट पाहिला असेल, रडला असाल, तर या. तिसगावला मोटारीतून उतरा, पुढची वाट मी दाखवतो. हार आणू नका, भाषण आणू नका. एक रिकामं भांडं आणा आणि तिच्या मागे रांगेत उभे राहा. तिनं पाणी भरलं की त्याच दोरानं, त्याच बादलीनं तुमचं भांडं भरा आणि गावादेखत ते पाणी प्या.