सासूबाईंचा डिंक

माझी आई, एथलीन, साठ वर्षं झाडांच्या सालींवर चित्रं काढतेय. कासवं, मगरी, बगळे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नहेम लँडमधल्या आमच्या वस्तीत तिच्याइतकी बारीक रेघ कुणाची नाही, आणि तिच्याइतकी धारदार जीभही.

एकदा दक्षिणेतल्या एका संग्रहालयातून गॅरेथ आला. जुनी चित्रं जपणं हे त्याचं काम. आईच्या जुन्या चित्रांवरची पांढऱ्या मातीचा रंग झडायला लागला होता, म्हणून रंग सालीला कसा धरून ठेवायचा ते त्याला तिच्याकडून शिकायचं होतं. माणूस गोड. माझ्या नवऱ्याने, क्लिफर्डने, पहिल्याच चहाला त्याला भाऊ करून घेतलं.

झालं! आमच्या नात्यांत नवऱ्याचा भाऊ म्हणजे आईचा जावईच. आणि आमच्यात सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही, बोलणं तर दूरच.

"अरे शहाण्या, मामा तरी करायचास त्याला!" मी क्लिफर्डवर खेकसले.

"आता केला तो केला. नातं काय परत घेता येतं?"

शेवटी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. मधे आमचा कुत्रा, मडगार्ड.

"मडगार्ड, जावईबापूंना सांग," आई म्हणाली, "झाडावरच्या ऑर्किडचा देठ चावायचा, रस सालीवर चोळायचा, वर रंग. दुसरं काही नाही."

मडगार्डने कान खाजवला. गॅरेथने वहीत लिहून घेतलं. मग त्याने आईच्या नव्या चित्राचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि घसा खाकरला.

"मडगार्ड, सासूबाईंना विचार, हा सुताराचा डिंक कुठून आला?"

आईची पाठ ताठ झाली. "त्याला म्हणावं, माझ्या गुडघ्यांना विचार! दहा वर्षं झाली, तोच लावतेय. झाडावर कोण चढतंय आता?"

"अगं, वाईट नाहीये तो," गॅरेथ घाईघाईने कुत्र्याला म्हणाला. खरं तर मडगार्ड कुत्रा होता, कुत्री नव्हे. "पांढरा रंग छान धरून ठेवतो. फक्त कुठल्या चित्रात काय आहे ते कळायला हवं. नाहीतर दुरुस्तीला आम्ही भलतंच काहीतरी लावू."

आई इतकी हसली, की मडगार्ड घाबरून निघून गेला आणि बोलणंच खुंटलं. मी कांगारूचं हाडूक दाखवून त्याला परत आणलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेथ स्वतः झाडावर चढला. हिरव्या मुंग्या त्याला अशा डसल्या, की चढला त्याच्या तिप्पट वेगाने तो उतरला. पण मुठीत ऑर्किड होतं. मी ते आईला नेऊन दिलं. तिने चावलं, सालीवर चोळलं, आणि तो माझ्या खांद्याआडून शिकला.

आता आई ऑर्किडचा रस लावलेल्या चित्रामागे फूल काढते आणि डिंक लावलेल्या चित्रामागे डिंकाची बाटली. क्लिफर्ड म्हणतो, ती बाटली इतकी देखणी असते, की संग्रहालयात गॅरेथ चित्र उलटं करून तीच बघत बसतो.