काळुरामच्या मचव्यातलं लग्न

काळुराम मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आपल्या मचव्यात झोपला होता. मला पलीकडच्या काठाला जायचं होतं. मी हाक मारली. मग आणखी मारल्या. नदीतले बगळे उडाले, गडब गावची कुत्री भुंकायला लागली, जित्याच्या स्टेशनात एखादी गाडीही थांबली असेल. माझे केस त्याच दुपारी पिकले अशी माझी समजूत आहे. शेवटी काळुरामने एक डोळा उघडला. "बोंबलू नको. भरतीचं पाणी येव दे," म्हणाला आणि तोही मिटला.

इतका थकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मिठागरातलं मीठ, भाताची पोती, नवऱ्यामुलींची वऱ्हाडं आणि माझ्यासारखी आगाऊ माणसं त्याने अंबा नदीतून इकडची तिकडे केली. पूल झाले, गिऱ्हाईक गेलं, थकवा मात्र त्याच्याकडेच राहिला.

त्याच्या मुलीचं, भूमिकाचं, रोह्याजवळ धाटावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या प्रविणशी जमलं. तिने मोबाइलवर बघून ठरवलं की लग्न बाबांच्या मचव्यात, पानाफुलांत लागेल. डीजे नको, प्लॅस्टिकचं एक फूल नको.

"वऱ्हाड भिजलं तं कापडं कोन देल?" तिची आई बायजाबाई म्हणाली.

काळुरामला मात्र पटलं. का, ते त्याने मला सांगितलं. "सगल्यांना बसवून नेलं. मी कदी माज्या मचव्यात बसलो नाय. पोरीचं लगीन मना बसून बघाचाय."

चहाचा पेला उचलतानाही जांभई देणाऱ्या या माणसाने मचवा काठावर ओढला, घासला आणि हिरवागार रंगवला. पण उन्हात पडलेल्या मचव्याच्या फळ्या आकसतात. लग्नाआधी काही दिवस तो पाण्यात सोडून ठेवायला हवा होता, म्हणजे फळ्या फुगून फटी बुजल्या असत्या. काळुरामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नवा रंग चिखलात घालायचं त्याच्या जिवावर आलं. उद्या सोडू, परवा सोडू करत मचवा पाण्यात गेला तो लग्नाच्याच सकाळी.

केळीचे खांब, आंब्याच्या डहाळ्या, सोनचाफ्याच्या माळा, मागे झावळ्यांचा पडदा. मेहुणा पुंडलिक वल्ह्यावर. काळुराम फेटा बांधून चटईवर पुढेच बसला होता, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखा. भटजींनी अंतरपाट धरला आणि माझे मोजे ओले झाले.

काळुरामनेही पाणी पाहिलं.

"काठाला घेऊ, दाजी?" पुंडलिकने हळूच विचारलं.

"मुहूर्त जाल. पोरीचं तोंड बघ किती खुललंय. चालू दे."

पाणी उपसायचा डबा घेऊन तो उठला. डबा मी मागितला.

"तू उपसलंस तं आपण समदी तळाला जाव," तो म्हणाला. हातातल्या अक्षता माझ्या हातात देऊन तो झावळ्यांच्या मागे गेला.

"बाबा कुठं चालले?" अंतरपाटामागून भूमिका म्हणाली.

"येतील गो. तू पुढं बघ," बायजाबाई म्हणाली. तिने मागे एकदाच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मंगलाष्टकं सुरू झाली. भटजी श्वास घ्यायला थांबले की मागून पाणी ओतल्याचा आवाज यायचा. रोह्याच्या पाहुण्यांना तो फार आवडला. "निसर्गात लग्न म्हणजे असं," प्रविणची आत्या म्हणाली. हार पडले, टाळ्या झाल्या. टाळ्यांतही डबा चालूच होता.

मचवा काठाला लागला, वऱ्हाड जेवायला गेलं, तेव्हा काळुराम बाहेर आला. फेटा सुटून खांद्यावर आला होता.

"लागलं?"

"लागलं," मी म्हणालो.

"हार आदी कोनी घातला?"

"भूमिकाने."

"हां," म्हणून तो तिथेच चिखलात बसला.

संध्याकाळी भूमिका रोह्याला गेली. लग्नाच्या एकाही फोटोत तिचा बाप नाही.