पडद्यावरची चिठ्ठी

अजूनही राग येतो. भुताचा नाही, ते बिचारं आपलं काम करत होतं. राग येतो दादाचा.

चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढे पिंपळनेरकडचं गाव सोडून मी जळगावला आलो, मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या पंपांच्या मोटारींना नवी तार भरायच्या दुकानात. मालकांना सगळे नाना म्हणत. त्यांनी काम दिलं, घरात पंगतीला बसवलं. ते उपकार विसरणार नाही. पण त्यामुळेच त्या घरात मी पाऊलसुद्धा जपून टाकायचो. कुणाची मर्जी बिघडली तर परतीच्या एसटीत बसावं लागेल, ही धास्ती.

दादा म्हणजे नानांचा पुतण्या, कॉलेजातला. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. रविवारी दुपारी तो मला माडीवर बोलवायचा.

गेम भुताचा. ओसाड दवाखाना, लांबलचक व्हरांडा, आणि भूत दिसायच्या आधी नुसती त्याची पावलं. पहिल्या दिवशी माझ्या हाताला इतका घाम सुटला की रिमोट निसटला. मधेच टेबलावर एखादी चिठ्ठी सापडायची. पडदा काळा व्हायचा आणि अक्षरं उमटायची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे मला एबीसीडीसुद्धा ठाऊक नव्हती. दादा वाचून सांगायचा.

"लिहिलंय, पुढच्या खोलीत नवख्याने जाऊ नये. आण इकडे."

मी रिमोट द्यायचो. रिकाम्या व्हरांड्यातून चालायचं मी, भुताची खोली त्याची. आणि जिना उतरताना मीच म्हणायचो, "दादा, तुम्ही वाचता म्हणून बरं."

पुढे नानांनी मोटारींवरच्या, व्होल्टेज वगैरे कोरलेल्या पितळी पाट्यांवरून मला इंग्रजी अक्षरं शिकवायला घेतली. "पाटी वाचता आली नाही तर मोटार जाळशील," म्हणाले. दिवाळीपर्यंत सव्वीसच्या सव्वीस आली.

त्यानंतरच्या रविवारी चिठ्ठी उघडली. मी पडद्याला नाक लावलं. एकही अक्षर ओळखीचं नाही.

"दादा, ह्यात एबीसीडी कुठंय?"

तो हसत सुटला. "जपानी शे ते, भो! डुप्लिकेट सीडी. मला तरी कुठं वाचता येतं? तू मात्र बठ्ठं खरं मानलंस!" 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' मुद्दाम, माझी अहिराणी बोली काढून.

कान तापले. फसवल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग मी दर वेळी मानलेल्या आभारांचा. नानांच्या घरात ओरडायची सोय नव्हती. मी रिमोट आवळला आणि त्या खोलीत शिरलो. भूत दारामागेच उभं. दोन पावलांत मेलो. पुन्हा गेलो. पुन्हा मेलो.

"आण इकडे," दादा म्हणाला.

"चिठ्ठीत तसं लिहिलंय का?"

खालून नानांनी चहाला हाक मारली आणि परतीची एसटी आठवली. पण रिमोट काही मी सोडला नाही.