साबरीच्या शर्टाची पाठ

वर्नाबाई टॅकेट तोंडाने फटकळ होत्या, पण हात मोठा हलका. विमानाच्या दांड्यावरचा हात म्हणतोय मी. कापसावर दहा फुटांवरून औषध फवारत जायचं, शेताच्या टोकाला विजेच्या तारा आल्या की विमान उचलायचं, वळवायचं, पुन्हा खाली. नवरा अशाच एका तारेत विमान अडकून गेला तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. दफन झालं त्याच आठवड्यात त्या धावपट्टीवर आल्या आणि मला म्हणाल्या, "डॉइल, इंजिन बघून ठेव. शेतकरी थांबतील, अळी थांबणार नाही." मी त्यांचा मेकॅनिक. गावातल्या बाप्यांनी नाकं मुरडली. पुढच्या हंगामात तेच बापे त्यांच्या दारात उभे होते.

फवारणी नसे तेव्हा त्या दोन आसनी विमानावर लोकांना उडायला शिकवायच्या. शिकणारा पहिल्यांदा एकटा उडून धडपणे उतरला की त्याच्या अंगातल्या शर्टाची पाठ कात्रीने कापायची, तिच्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि विमान ठेवायच्या हँगरच्या भिंतीला चार खिळ्यांनी ठोकायची, हा वैमानिकांचा जुना रिवाज. आमच्या भिंतीवरची बेचाळिसावी पाठ साबरी ओदेहची. जून २००१.

साबरीचं चौकात किराण्याचं दुकान. मूळचा पॅलेस्टाईनचा, पण अकरा वर्षं अख्खं गाव त्याच्या दुकानातल्या कढईतला तळलेला मासा खात होतं. कात्री लागली तसा तो ओरडला, "बाई, नवा शर्ट आहे! बायको घरात घेणार नाही!"

"मग इथेच झोप," वर्नाबाई म्हणाल्या. "विमानाखाली जागा आहे."

मग सप्टेंबर आला. न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे कोसळले त्या दिवशी देशातली सगळी विमानं खाली उतरवली. आमचंही. बोंडं फुटलेली, पानं गाळायचं औषध मारायची हीच वेळ, आणि विमान हँगरात. त्यात बातमी आली की हल्ला करणाऱ्यांनी फवारणीच्या विमानांची चौकशी केली होती. झालं. न्हाव्याच्या दुकानात एकच विषय, त्या साबरीला उडायला कशाला शिकायचं होतं? लोकांनी दारावर लावायचे देशाचे झेंडे त्याच्याच दुकानातून नेले आणि घरी जाऊन त्याच्याविरुद्ध पोलिसांना फोन केले. त्या लोकांचा मला अजून राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो.

एका सकाळी शेरीफच्या कचेरीतला माझा मेहुणा येऊन सांगून गेला, "दुपारी सरकारी माणसं येताहेत. हँगर बघणार म्हणे." माझी पाचावर धारण बसली. वर्नाबाई एका शेतकऱ्याकडे गेल्या होत्या. मी शिडी लावली, साबरीचं कापड ओढून काढलं आणि तेलाच्या चिंध्यांच्या डब्यात तळाशी दडपलं. वाटलं, साबरी वाचला, बाई वाचल्या, विमानही वाचलं.

दोघे आले. एक पिकल्या केसांचा, एक तरुण. वर्नाबाईही तेवढ्यात परतल्या.

"ओदेह नावाच्या कुणाला शिकवलंत?" तरुणाने विचारलं.

"साबरी? हो तर. जूनमध्ये एकटा उडाला. उतरताना बेडकासारख्या तीन उड्या मारल्या मेल्याने! त्याचं कापड ते काय..."

त्यांनी हात केला आणि हात तसाच हवेत राहिला. चार खिळे. मधे भिंतीचा स्वच्छ चौकोन. खिळ्यांना निळे दोरे लोंबत होते.

"हे कुणी काढलं?" तरुणाने विचारलं.

वर्नाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वेळ देत होत्या, हे मला कळत होतं. 'मी काढलं' एवढंच म्हणायचं होतं. डबा माझ्या पायाशी होता. मी मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहिलो.

"हँगरची किल्ली कुणाकडे असते?" पिकल्या केसांच्याने विचारलं.

"किल्ली कसली? इथे कुणी कुलूपच लावत नाही," वर्नाबाई म्हणाल्या.

"म्हणजे ओदेह येऊन पुरावा काढून नेऊ शकतो."

"तो कशाला नेईल? हे बघा, जरा थांबा..."

पण ते थांबले नाहीत. त्यांची गाडी चौकाच्या दिशेने वळली तेव्हा कुठे माझी वाचा फुटली. वर्नाबाईंनी ऐकून घेतलं, हात घालून डब्यातून कापड काढलं आणि म्हणाल्या, "गाडीत बस."

आम्ही पोचलो तेव्हा दुकान उघडं होतं. कढईत मासा करपत होता. साबरीची बायको दारात उभी होती आणि साबरीला घेऊन गाडी निघून गेली होती.

सरकारी कचेरीत मी सगळं सांगितलं. तेलकट कापड टेबलावर ठेवलं. पिकल्या केसांचा म्हणाला, "दोन तासांपूर्वी का नाही बोललात?" त्याचं लिहून झालं, सही झाली, पण माझ्या शब्दाची किंमत माझ्याच गप्प बसण्याने घालवली होती. साबरीला त्यांनी एकोणीस दिवस ठेवलं. काही सापडलं नाही, सापडणार काय होतं!

सुटून आल्यावर त्याने दुकान विकलं. ओहायोत भावाकडे जाण्याआधी हँगरवर आला. वर्नाबाईंनी त्याला घट्ट धरलं. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला.

"डॉइल, तू मला वाचवायला गेलास, माहीत आहे मला. एवढंच सांग, माझ्यात लपवण्यासारखं काही आहे असं वाटलं तुला?"

मी चिंधी घेऊन हात पुसू लागलो.

तो गेल्यावर वर्नाबाईंनी माझ्या हातात हातोडी दिली. "काढलंस तूच, आता लावणारही तूच. धुवायचं नाही. आणि तो डाग कसला म्हणून कुणी विचारलं, तर तू सांगायचंस. मी नाही."

वर्नाबाई जाऊन आता दहा वर्षं होतील. विमानाला कुलूप आहे, दाराला आहे, शिकायला येणाऱ्याकडून मी कागदांची चळत भरून घेतो. दर नवा माणूस त्या डागाबद्दल विचारतो आणि मी सगळं सांगतो. त्या सकाळी शिडीवर चढताना माझ्याही मनात क्षणभर आलं होतं, त्याला उडायला कशाला शिकायचं होतं? तेही सांगतो. साबरीला तेवढं सांगायचं राहिलं.