हळदीची घागर

आमच्या घरच्या लग्नात नवऱ्या मुलाकडची बाई पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर घेऊन नवरीच्या मांडवात येते. त्या पाण्यानं नवरीची हळदीची आंघोळ होते. पाहुण्यांना वाटतं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. काहीजण त्यात गोदावरीचं माहात्म्य, पुराण असं बरंच मिसळतात. मी ऐकून घेते. रीत कुठून आली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण पहिल्या घागरीच्या पाण्यानं माझीच आंघोळ झाली.

माझं माहेर चाकूरजवळ. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि वडिलांनी पत्रिकेवर हौसेनं 'जि. लातूर' छापून घेतलं होतं. पावसाचा मात्र पत्ता नव्हता. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरावं लागे. शेवटी वडिलांनी सासरी निरोप धाडला, वऱ्हाडाला पाणी पुरणार नाही, लग्न पुढं ढकलू.

उत्तर म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी सासूबाईच आल्या. गोदावरीकाठच्या विष्णुपुरीकडून एसटीनं, तोंडाला फडकं बांधलेली घागर मांडीवर घेऊन. सोबत त्यांची सहा वर्षांची मुलगी, माझी नणंद.

"पोरीच्या हळदीपुरतं पाणी मी आणलंय," त्या वडिलांना म्हणाल्या. "वऱ्हाड बिनआंघोळीचं आलं तर मरत न्हाई."

सासूबाई विधवा होत्या. त्या दिवशी त्यांचं कपाळ कुणी पाहिलं नाही. सगळे पाणी पाहत होते.

पुढं धाकट्या दिराच्या लग्नात त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून घागर मी उचलली. एवढंच. पण लोकांनी माझ्या हिरव्या बांगड्या पाहिल्या आणि नियम काढला, घागर सवाष्णीनंच न्यायची. मान मिळत होता, मी गप्प बसले. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात मी मिरवून घेतलं. त्याची मला आज लाज वाटते.

यंदा त्याच दिराच्या मुलाचं लग्न अहमदपूरला होतं. दीर चार वर्षांपूर्वी गेले. जावेनं सकाळीच घागर चिंचेनं लख्ख घासून ठेवली होती. एकुलत्या एक मुलाची घागर तिला स्वतः न्यायची होती. मांडवाच्या दारात नणंदेनं तिला अडवलं आणि माझ्याकडं वळली.

"वहिनी, तुम्ही घ्या. सवाष्णीचं काम हाय. आईनंबी पाळलंच की."

जावेनं मुकाट्यानं घागर माझ्यापुढं धरली. मला संताप आला, आधी स्वतःचाच.

"ताई, तुमच्या आईचा हात मोडला व्हता," मी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं. "माझ्या हळदीचं पाणी कुणी आणलं? तुम्ही सोबत व्हत्या. आठवा, त्यांच्या कपाळावर कुंकू व्हतं का?"

नणंदेचा आवाज एकदम उतरला.

"एसटीत पाणी लई हिंदळत व्हतं. आई म्हणली, फडकं दाबून धर. मी चाकूरपर्यंत धरलं."

मग तिनं जवळचं एक फडकं ओढलं, त्याची चुंबळ वळून जावेच्या डोक्यावर ठेवली आणि घागर स्वतः उचलून दिली. जाऊ ताठ मानेनं मांडवात शिरली. डोळे वाहत होते, पण पुसणार कशी? दोन्ही हात घागरीला होते.

पुढच्या लग्नात कुणीतरी सांगेल, चुंबळ नवरदेवाच्या आत्यानंच द्यायची असते. सांगू द्या. ती रीत मला चालेल.